कर्करोगाबद्दल डॉक्टरांशी कसे बोलावे

कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाची आपल्या आजाराविषयीची समजूत बहुतेक वेळा डॉक्टरांच्या खोलीतील पहिल्या दोन-तीन भेटींतच घडते. पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत जुन्नर, इंदापूर, सातारा, सोलापूर अशा ठिकाणांहून पहाटेची एसटी धरून आलेली माणसे दुपारपर्यंत ओपीडीबाहेर बसलेली असतात. एवढे थांबून त्यांच्या वाट्याला जी मोजकी मिनिटे येतात, त्यांत जे कानांवर पडले तेच पुढे घरी आणि गावात सांगितले जाते. म्हणून या भेटीची तयारी आधीच करावी.

घरून निघतानाच फाईल तारखेप्रमाणे लावावी आणि तुकडा तपासणीचा, म्हणजे बायॉप्सीचा, रिपोर्ट सर्वांत वर ठेवावा. बहुतेक कर्करोगांचे निदान त्यावरच पक्के होते; स्कॅनमधून गाठ कुठे आहे आणि आजार कुठवर गेला आहे याचा अंदाज येतो. प्रश्न वहीत लिहून न्यावेत. सोबत दोघे असतील तर एकाने विचारावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. बोलणे फोनवर रेकॉर्ड करायचे असल्यास डॉक्टरांची परवानगी आधी घ्यावी.

वहीतला पहिला प्रश्न असा असावा: “हे उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठी आहेत, की आटोक्यात ठेवण्यासाठी?” हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, हे खरे आहे, परंतु तो न विचारल्याने काय होते, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून २०१२ साली पुढे आले. फुफ्फुसाचा किंवा आतड्याचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला असून केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांना त्यात विचारण्यात आले होते. केमोने आपला आजार बरा होण्याची शक्यता नाही, हे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या कर्करोगाच्या ८१ टक्के रुग्णांना उमगलेले दिसले नाही. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की, आपले डॉक्टर फार चांगले बोलतात असे सांगणाऱ्या रुग्णांमध्ये हा गैरसमज अधिक आढळला. डॉक्टर प्रेमाने बोलले, मनाला उभारी आली, म्हणजे आजार समजला असे धरून चालू नये.

समजले की नाही, हे पाहण्याची खात्रीची रीत एकच आहे. खोलीतून उठण्यापूर्वी ऐकलेले आपल्या शब्दांत डॉक्टरांना सांगावे. समजा, स्तनाच्या कर्करोगावर आधी केमो घ्यायचे ठरलेल्या एक काकू म्हणतात, “मॅडम, मला कळलं ते सांगते, चुकलं तर सांगा. आधी सलाईनमधून औषधं, मग गाठ राहिली तर ऑपरेशन, आणि शेवटी शेक.” डॉक्टर त्यांना तिथेच थांबवतात, “काकू, गाठ हाताला लागेनाशी झाली तरी ऑपरेशन करायचंच आहे.” हे वाक्य तेव्हा बोलले गेले नसते, तर गाठ विरघळली म्हणून ऑपरेशन टाळायला घरातल्या चार जणांनी सहज होकार भरला असता. ज्याला आपण शेक किंवा लाईट म्हणतो त्या रेडिएशनबद्दलही असेच विचारून घ्यावे: किती दिवस रोज यावे लागेल, पुण्यात राहण्याची सोय करावी लागेल का.

काही गैरसमज मात्र कागदावरूनच सुरू होतात. बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ दिसले की घरात ‘तिसरी स्टेज’ अशी कुजबुज होते. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मूळ पेशींपेक्षा किती बदललेल्या दिसतात ते, आणि स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोहोचला आहे ते. पहिल्या स्टेजच्या गाठीचाही ग्रेड ३ असू शकतो. तसेच ‘पाच वर्षांचा सर्व्हायव्हल’ म्हणजे पाचच वर्षे उरली असे नव्हे. निदानानंतर पाच वर्षांनी किती टक्के रुग्ण हयात असतात, याचा तो आकडा आहे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. “पेशंटला काही सांगू नका,” ही विनंती नातेवाईक दारातच करतात आणि त्यामागे मायाच असते. पूर्वी परदेशातही हीच रीत होती: १९६१ साली अमेरिकेत विचारले असता सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगणेच पसंत असल्याचे सांगितले, १९७९ साली तोच प्रश्न विचारल्यावर ९७ टक्क्यांनी सांगण्याच्या बाजूने कौल दिला. माझे स्पष्ट मत आहे की, लपवू नये. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरील रुग्णाशी बोलून आजाराचे नाव कळतेच, आणि मग घरच्यांशी त्याविषयी बोलण्याची वाट बंद झालेली असते. तरीही सगळे एकदम ऐकवण्याची घाई नको. डॉक्टरांनाच विनंती करावी की, त्यांनी रुग्णाला आधी विचारावे, “तुम्हाला सगळं सविस्तर सांगू, की थोडक्यात सांगून बाकीचं मुलाशी बोलू?” रुग्णाने मुलाशी बोलायला सांगितले, तर तो त्याचा निर्णय असतो.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असल्यास तसे मोकळेपणाने सांगावे. रुग्णालयातील नोंदी मागितल्यावर त्या ७२ तासांत देणे डॉक्टरांच्या व्यावसायिक नियमांनुसार बंधनकारक आहे. बायॉप्सीच्या काचपट्ट्याही मागून घ्याव्यात, कारण पुष्कळदा दुसरीकडे त्या पुन्हा तपासल्या जातात.

केमो सुरू होण्याआधीच्या भेटीत आणखी एक गोष्ट विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि थेट कुठे जायचे. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना असा ताप गंभीर संसर्गाचा असू शकतो. तेव्हा घरीच गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये.