वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटपाचा दावा कसा लावावा

वाटपाचा वाद घरातलाच म्हणून अनेकजण कुटुंब न्यायालय गाठतात. परंतु १९८४ च्या कायद्यानुसार ते न्यायालय मिळकतीचा वाद ऐकते तो पती-पत्नींमधलाच. भावंडांमधील वाटपाचा दावा मिळकत जेथे आहे तेथील दिवाणी न्यायालयात लावावा लागतो, आणि आपल्याला हिश्श्यातून वगळल्याचे कळल्यापासून १२ वर्षांच्या आत.

सर्वांत आधी वंशावळ काढावी आणि तिच्यात घाई करू नये. मूळ पुरुषापासून आजपर्यंतची नावे, मयतांच्या मृत्यूच्या तारखा, लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि मयत बहिणींची मुले हे सारे तिच्यात यावे, कारण एक जरी सहहिस्सेदार पक्षकार करायचा राहिला तरी दावा सदोष ठरू शकतो. मिळकतींचेही तसेच: शेतजमीन दाखवून गावातले घर वगळल्यास अपुऱ्या वाटपाची हरकत हमखास येते. म्हणून सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि घराचा उतारा आधीच जमवावा. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव नाही म्हणून तिचा हक्क नाही, असे मात्र कोणी सांगितल्यास ऐकू नये. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही.

हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे आणि त्यासाठी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप त्यामुळे मोडत नाही. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यांची पत्नी, आई, मुलगे व मुली यांना समान हिस्से मिळतात.

दाव्यासोबतच विक्रीला मनाई मागणारा अर्ज द्यावा, नाहीतर निकालापर्यंत जमीन तिसऱ्याच्या नावावर गेलेली असते. प्राथमिक हुकूमनाम्यात केवळ हिस्से ठरतात. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, तर घरासाठी न्यायालय कमिशनर नेमते. पुष्कळ पक्षकार पहिल्या हुकूमनाम्यावरच समाधान मानतात आणि कब्जा वर्षानुवर्षे दुसऱ्याकडेच राहतो.

सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करणे केव्हाही सोपे. दावा चालू असताना तडजोड झाल्यास ती लोकअदालतीत नोंदवता येते. त्या निवाड्यावर अपील नसल्याने सही करण्यापूर्वी प्रत्येकाच्या वाट्याचे गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा मोजणी नकाशाशी ताडून पाहाव्यात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.