इंग्रजी चर्चेत समोरच्याचा मुद्दा मान्य कसा करावा

इंग्रजीतून आपली बाजू मांडणे आपल्यापैकी अनेकांना जमते. समोरच्याचे म्हणणे मान्य करण्याची वेळ आली की मात्र 'यू आर राइट' आणि 'ओके, आय ॲग्री' यांपलीकडे शब्द सुचत नाहीत. बैठकीत, मुलाखतीत किंवा प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत याचा तोटा लगेच जाणवतो, कारण या दोन वाक्यांमुळे माणूस आपली सगळीच बाजू सोडून देतो, नाहीतर हरकत मनात ठेवून गप्प बसतो. ज्यांची इंग्रजी ही रोजची भाषा आहे ते सहसा मुद्दा मापून मान्य करतात. काय मान्य आहे, कोठपर्यंत मान्य आहे आणि त्यानंतरही आपले कोणते म्हणणे कायम आहे, हे त्यांच्या शब्दांवरून ऐकणाऱ्याला कळते. त्यामुळे वाक्प्रचार निवडण्याआधी आपण नेमके किती सोडत आहोत, हे स्वतःशी ठरवून घ्यावे.

सर्वांत सोपा प्रसंग म्हणजे आपण दिलेली माहितीच चुकीची निघणे. अशा वेळी 'आय स्टँड करेक्टेड' एवढे म्हणून पुढे जावे. त्यात चूक पूर्ण मान्य होते आणि बोलणाऱ्याची प्रतिष्ठाही राखली जाते. 'आय ॲक्सेप्ट माय मिस्टेक' हे वाक्य व्याकरणाने बरोबर असले तरी एखाद्या आकड्याच्या दुरुस्तीसाठी ते फार जड पडते आणि गुन्ह्याची कबुली दिल्यासारखे ऐकू येते. 'माय बॅड' मित्रमंडळींत चालते. वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात ते टाळलेले बरे.

खरे कौशल्य लागते ते अर्धवट मान्यतेसाठी, आणि तेथेच आपली गफलत होते. 'फेअर इनफ' म्हणजे तुमचे कारण रास्त आहे, मी आता ताणत नाही. बोलणाऱ्याचे मत बदलले आहेच, असा त्याचा अर्थ नव्हे. एखादा सहकारी हातात दुसरे तातडीचे काम असल्याचे सांगून नवे काम नाकारतो, तेव्हा हे उत्तर चपखल बसते. पण घरात कोणी आजारी असल्याचे त्याने सांगितले, तर हेच दोन शब्द कोरडे वाटतात. 'पॉइंट टेकन' हे बहुधा आपल्यावरच्या टीकेला दिलेले उत्तर असते आणि स्वर जरा ताठ असेल, तर 'समजले, आता पुरे' असा त्याचा अर्थ होतो. 'आय विल गिव्ह यू दॅट' म्हणणारा एकच गोष्ट मान्य करतो आणि बाकीच्या मुद्द्यांवर तो अजून ठाम आहे, हे न सांगताच सांगतो. 'आय टेक युवर पॉइंट' ऐकले की पुढे 'बट' येणार, हे जवळपास गृहीत धरावे. 'आय हिअर व्हॉट यू आर सेइंग' या वाक्यात तर बहुतेक वेळा मान्यता नसतेच. तुमचे बोलणे कानांवर आले, एवढेच त्यातून कळते. ब्रिटिश माणसाकडून हे वाक्य ऐकून आपला प्रस्ताव संमत झाला असे समजू नये.

शब्दांइतकाच सुरालाही अर्थ असतो. 'इट्स अ गुड आयडिया' हे वाक्य शेवटी सूर खाली आणून म्हटले, तर ती सरळ पसंती असते. पण 'गुड' या शब्दावर सूर खाली नेऊन वाक्य संपताना पुन्हा वर उचलला, तर कल्पना चांगली आहे, पण काहीतरी अडते आहे, असे ब्रिटिश कानाला कळते आणि तो 'पण'ची वाट पाहू लागतो. आपण सपाट सुरात बोललो, तर आपली हरकत समोरच्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्यांना हा सूर साधत नाही त्यांनी 'पण'नंतरचे वाक्य स्पष्ट शब्दांत बोलून टाकावे. त्यात काहीच कमीपणा नाही.

वाक्यातील क्रमाकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. 'ऑल्दो द प्लॅन इज एक्स्पेन्सिव्ह, इट इज साउंड' आणि 'ऑल्दो द प्लॅन इज साउंड, इट इज एक्स्पेन्सिव्ह' या दोन वाक्यांत माहिती एकच आहे. पहिले वाक्य मात्र योजनेच्या बाजूने झुकते आणि दुसरे विरोधात, कारण भर शेवटी येणाऱ्या भागावर पडतो. म्हणून जे मान्य करायचे ते आधी आणि जे टिकवायचे ते नंतर ठेवावे. मराठीत 'जरी' आणि 'तरी' जोडीने येतात, त्या सवयीने आपण 'ऑल्दो'नंतर 'बट' जोडतो. इंग्रजीत या दोहोंपैकी एकच शब्द पुरतो. 'मे' हे क्रियापदही येथे फार उपयोगी आहे: 'इट मे बी स्लो, बट इट इज सेफ' असे म्हटले की संथपणाचा आक्षेप मान्य होतो आणि सुरक्षिततेचा मुद्दा कायम राहतो.

समजा, पुण्यातील एक अभियंता लंडनमधील सहकाऱ्यांशी दूरध्वनीवर बोलत आहे. मार्चमध्ये नवी प्रणाली सुरू करावी, असे त्याचे म्हणणे आहे आणि चाचणीला पुरेसा वेळ ठेवलेला नाही, असा आक्षेप पलीकडून आला आहे. त्याने 'यस, यू आर राइट, बट मार्च इज पॉसिबल' असे उत्तर दिले, तर त्याने आक्षेप ऐकलाच नाही असे पलीकडच्यांना वाटेल. त्याऐवजी 'दॅट्स अ फेअर पॉइंट अबाउट टेस्टिंग. आय हॅडन्ट अलाउड इनफ टाइम फॉर इट. आय स्टिल थिंक वी कॅन स्टार्ट इन मार्च, इफ वी बिगिन विथ वन ऑफिस' असे तो म्हणाला, तर मान्य केलेल्या मुद्द्याचे नाव घेतले जाते, आपली त्रुटी एका वाक्यात नोंदवली जाते आणि राहिलेला आग्रहही त्या आक्षेपामुळे थोडा बदललेला दिसतो. हा शेवटचा बदल महत्त्वाचा आहे, कारण मान्य केलेल्या मुद्द्याचा आपल्या निष्कर्षावर काहीच परिणाम झाला नाही, तर ती मान्यता तोंडदेखली ठरते.

वादापुरते मान्य करण्याची पद्धत वेगळी आहे. 'लेट अस ग्रँट, फॉर द सेक ऑफ आर्ग्युमेंट, दॅट...' या सुरुवातीने समोरच्याचे गृहीतक काही काळापुरते खरे धरता येते आणि ते खरे धरूनही निष्कर्ष टिकत नाही, हे दाखवता येते. आधी विरोधी मत म्हणजे पूर्वपक्ष मांडून मग त्याच्या उत्तराकडे म्हणजे उत्तरपक्षाकडे जाण्याची आपली परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

आदराच्या शब्दांबाबत सावध राहावे. 'विथ रिस्पेक्ट' हे नम्र वाटले तरी त्यामागून विरोधच येतो, आणि 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' म्हटले की तो विरोध अधिक तीव्र असतो. इंग्लंडमधील आणि आपल्याकडील न्यायालयांत वकील न्यायाधीशांना 'ॲज युवर लॉर्डशिप प्लीजेस' म्हणतात, तेव्हा ते निर्णयापुढे मान तुकवतात. निर्णयामागची कारणे त्यांना पटलीच असतील, असे नाही. तडजोडीच्या पत्रावर 'विदाउट प्रेज्युडिस' लिहितात, तेही आपण देऊ केलेली सवलत पुढे न्यायालयात कबुली म्हणून वापरली जाऊ नये यासाठीच.

लेखी इंग्रजीत 'ॲडमिटेडली', 'ग्रँटेड' आणि 'टू बी शुअर' हे शब्द मुद्दा मान्य करण्याचे काम करतात. 'ऑफ कोर्स' लेखात शोभते. पण कोणी साधा प्रश्न विचारला असता उत्तरादाखल ते म्हटले, तर 'एवढेही कळत नाही का?' असा उर्मट सूर लागू शकतो.

एकमत होतच नसेल, तर 'लेट अस ॲग्री टू डिसॲग्री' हा मार्ग उरतो. इंग्रज धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या निधनानंतर १७७० मध्ये दिलेल्या प्रवचनात दुसरे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी हा शब्दप्रयोग केला होता, आणि तो श्रद्धेच्या गाभ्याबाहेरील मतभेदांपुरताच. आजही तो मतांच्या आणि आवडीनिवडींच्या बाबतीतच वापरावा आणि तोही दोघांनी आपापले म्हणणे पूर्ण मांडल्यानंतर. हिशेबातील बेरीज किंवा कराराची तारीख यांवर वाद असेल, तर कागद काढून तपासावा.