उंदीर शिरलेल्या बेटावर भुंगेऱ्यांचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

सापळा रिकामा दिसला की यादीत शून्य लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात मोठी चूक. पिटफॉलचा कप, म्हणजे चालता चालता किडे आत पडावेत म्हणून जमिनीत पुरलेला कप, सकाळी नीट वाकून बघा. तळाशी दोन-तीन पाठपंख (भुंगेऱ्याच्या पाठीवरचे कडक पंख), एखादा तुटका पाय आणि काठावर उंदराची लेंडी दिसली, तर भुंगेरा आला होता, फक्त तुमच्या आधी उंदीर पोचला. असा कप 'बिघडलेला' म्हणून वेगळा नोंदवा, शून्यात धरू नका. कपावर उंदराचं तोंड जाणार नाही अशी जाळी खिळ्यांनी घट्ट ठोका, आणि ठोकायची तर सगळ्याच कपांवर ठोका, नाहीतर अर्धे झाकलेले अर्धे उघडे, मग तुलना कशाची कशाशी करणार? मोठे भुंगेरे जाळीतून जात नाहीत, ते रात्री हेडलॅम्प लावून हातानेच शोधावे लागतात. किडे टिकावेत म्हणून कपात जे द्रव ओततो, ते इथिलीन ग्लायकॉल अजिबात नको, ते गोड लागतं आणि विषारी असतं, पक्षी-प्राणी पितात, प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरा.

दुसरं म्हणजे चालायला सोप्या जागीच सापळे लावणं. मोठे, न उडणारे किडे उंदीर आधी संपवतात, जे उरतात ते कड्याच्या भेगांत किंवा शेजारच्या खडकावर. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर 1918 मध्ये जहाजातून उंदीर उतरले आणि तिथला मोठा काडीकिडा संपला असंच सगळे धरून चालले होते, तो 2001 मध्ये सापडला कुठे, तर समुद्रातल्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या सुळक्यावरच्या झुडपाखाली! भुंगेरा नाही तो, पण धडा तोच. शेजारी उंदीर नसलेलं बेट असेल तर तिथेही त्याच पद्धतीने सापळे लावा. दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरियन बेटावर उंदीर न उडणारे सोंडेकिडे (सोंडेसारखं तोंड असलेले भुंगेरे) खातात, आणि जवळच्याच प्रिन्स एडवर्ड बेटावर उंदीर नाहीत, यापेक्षा चांगली तुलना कुठे मिळणार?

आणि शिकारी म्हणजे फक्त उंदीर-मांजर नाही हो. दक्षिण हिंदी महासागरातल्याच केर्गेलेन बेटांवर 1913 च्या सुमारास मेरिझोडस नावाचा भुंगेरा माणसांसोबत आला आणि तो इतर किडेच खातो, दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरही तोच पोचलाय. अशा बेटावर एकूण प्रजातींचा आकडा वाढलेला दिसतो आणि स्थानिक भुंगेरे मात्र घटत असतात, म्हणून स्थानिक आणि बाहेरून आलेले यांचे तक्ते सुरुवातीपासून वेगळे ठेवा, नंतर निवडत बसणं फार जड जातं.

पकडलेले किडे ठेवायच्या अल्कोहोलच्या बाटलीत बॉलपेनचं लेबल टाकू नका, शाई उडते, पेन्सिलने लिहा.

आणि बुटांचे सोल, वेल्क्रो, बॅगेचे कोपरे बोटीत चढण्याआधी घासून साफ करा, एका बेटावरून दुसऱ्यावर जातानाही परत करा, बिया आणि छोटे किडे तिथेच अडकून येतात.