जुन्या कॅबिनेटमध्ये लिक्विड कूलरचा रेडिएटर कसा बसवावा

जुन्या धाटणीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) वरच्या बाजूला असतो, पुढे हार्डडिस्कचा पिंजरा रिवेट मारून पक्का केलेला असतो आणि रेडिएटरसाठी म्हणून ठेवलेली जागा कुठेच नसते. अशा ठिकाणी मागच्या पंख्याच्या जागी १२० मिमीचा, कारखान्यातूनच पाणी भरून आलेला सीलबंद संच (सीपीयूवर बसणारा पंप, नळ्या आणि उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर) बसवणे सगळ्यात सोपे. मात्र कॅबिनेटच्या रुंदीत १५५-१६० मिमी उंचीचा टॉवर एअर कूलर (सीपीयूवर उभा राहणारा, नुसत्या हवेने थंड करणारा) मावत असेल, तर तोच घ्या. १२० मिमी रेडिएटर त्याच्यापेक्षा फार थंड ठेवत नाही. टॉवर मावत नसेल तेव्हाच हा खटाटोप करण्यात अर्थ आहे.

आधी मापे

१२० हे पंख्याचे माप आहे. रेडिएटर साधारण १५७ मिमी लांब, १२० मिमी रुंद आणि २७ मिमी जाड असतो. त्यावर २५ मिमीचा पंखा लागला की जाडी ५२ मिमी होते. बहुतेक जण फसतात ते या ३७ मिमीच्या जादा लांबीत: रेडिएटरचे वरचे टोक एसएमपीएसला टेकते, नाहीतर खालचे टोक ग्राफिक्स कार्डला. म्हणून १५७ × १२० चा पुठ्ठा कापून, त्यावर ५२ मिमी जाडीचे खोके चिकटवून आत धरून पाहा. सीपीयूच्या सॉकेटजवळचे हीटसिंक आड येत असतील तर पंखा कॅबिनेटच्या बाहेर लावा. आतली २५ मिमी जागा वाचते.

मागे जमलेच नाही तर पुढच्या सीडी ड्राइव्हच्या कप्प्यांकडे वळा. एका कप्प्याची उंची सुमारे ४१ मिमी, म्हणजे उभ्या रेडिएटरला चार कप्पे लागतात. रेडिएटर आडवा बसत नाही, कारण कप्प्याची रुंदी १४६ मिमीच असते. नळ्या सीपीयूपर्यंत पोहोचतात का, तेही आधी मोजा. त्या सहसा ३०० ते ४०० मिमीच्या असतात आणि कुठेही मुडपता कामा नयेत.

पत्रा कापणे

मागे पंख्यासाठी ८० किंवा ९२ मिमीचीच जागा असेल तर छिद्र वाढवावे लागते. त्याआधी मदरबोर्ड आणि एसएमपीएससकट सगळे बाहेर काढा. लोखंडाचा बारीक कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट व्हायला एक कणही पुरतो. पत्र्यावर मास्किंग टेप लावून त्यावर ११५ मिमी व्यासाचे वर्तुळ आखा. चार स्क्रूंची छिद्रे १०५ मिमी बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर येतात, तिथे ४.५ मिमीचा ड्रिल बीट चालवा. मोठे छिद्र ११४ मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने), कमी वेगात, पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा धरून पाडा. चष्मा आणि हातमोजे हवेतच. पिंजऱ्याचे रिवेट काढायचे तर ३.२ मिमीचा बीट त्यांच्या मधोमध धरा. शेवटी कडा कानशीने घासा, कीस ब्रशने झाडून वर लोहचुंबक फिरवा.

स्क्रूची लांबी

सगळ्यात महागडी चूक इथे होते. ३० मिमीचा स्क्रू २५ मिमीच्या पंख्यातून आरपार जाऊन रेडिएटरमध्ये ४-५ मिमी शिरतो, तेवढेच हवे. तोच स्क्रू १५ मिमीच्या स्लिम पंख्याला लावलात तर तो पंधरा मिमी आत घुसून रेडिएटरमधली पाण्याची नळी फोडतो, आणि सीलबंद संच मग कचऱ्यात. पंखा न लावता रेडिएटर थेट पत्र्याला जोडायचा तर ५-६ मिमीचे आखूड स्क्रूच वापरा. रेडिएटरच्या छिद्रांतले आटे एम३ किंवा ६-३२ या मापाचे असतात. दोन्ही स्क्रू दिसायला जवळजवळ सारखे. हाताने दोन फेरे सहज गेले नाहीत तर जोर लावू नका.

रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच राहिले पाहिजे. आतली हवा सगळ्यात उंच जागी साठते. पंप उंच असला तर ती त्यातच अडकते आणि खरखर ऐकू येते. जागा असेल तर नळ्यांचे टोक खाली ठेवा. मागच्या रेडिएटरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा.

सीपीयूवर पंप

जुन्या कॅबिनेटच्या ट्रेला सॉकेटमागे खिडकी नसते, त्यामुळे बॅकप्लेट (बोर्डामागून पंपाच्या स्क्रूंना आधार देणारी पट्टी) लावायला मदरबोर्ड बाहेरच हवा. तो आत बसवण्याआधीच बॅकप्लेट जोडून घ्या. पंपाचे ब्रॅकेट आपल्या सॉकेटचेच आहे याची खात्री करा: इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटच्या छिद्रांमधले अंतर ७२ मिमी, ११५५ चे ७५, तर १३६६ चे ८० मिमी. सीपीयू आणि पंपाच्या मधे वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरते. स्क्रू कर्णरेषेत थोडेथोडे आवळा.

पंपाची तीन पिनांची तार सीपीयू फॅनच्या हेडरला (बोर्डावरच्या पिनांना) लावा आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) त्या हेडरचा वेग-नियंत्रण पर्याय बंद करा, म्हणजे पंपाला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. जुने बोर्ड व्होल्टेज कमी करून पंखा हळू चालवतात. पंपाच्या बाबतीत तसे झाले तर तो अडखळतो. शिवाय या हेडरवर पंप थांबला तर बोर्ड इशाराही देतो. रेडिएटरचा पंखा दुसऱ्या हेडरला चालेल.

चालू केल्यावर थेट बायोसमध्ये जाऊन तापमान पाहा. ते मिनिटभरात ९० अंशांकडे धावत असेल तर मशीन बंद करून नळ्यांना हात लावा. एक नळी गरम आणि दुसरी अगदी थंड म्हणजे पाणी फिरत नाहीये. आधी पंपाची तार तपासा. दोन्ही नळ्या थंडच असतील तर पंप सीपीयूवर नीट टेकलेला नाही, किंवा खालची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून गेली आहे.