भाचीला घेऊन मसाई पठार: दोन दिवसाच्या सायकलची तयारी

डिसेंबरात भाचीला घेऊन पन्हाळा आणि मसाई पठार असं दोन दिवस सायकलवर जायचं ठरलंय, पोरगी चौदा वर्षाची, नववीत, सायकलचा अनुभव म्हणजे घर ते क्लास आणि क्लास ते घर. मागच्या वर्षी तिला एकदा नेलेलं आणि ती ट्रिप पार फसली, ते पण माझ्यामुळं. मी आपला मोठ्या तोऱ्यात पहाटे शिवाजी पूल ओलांडून केर्ली, वाघबीळ करत सगळा चढ पायानं चढवायला निघालो. घाटात निम्म्यात तिनं सायकल कडेला आडवी टाकली, गवतात बसली आणि म्हणाली, "मामा, मी इथंच बसतो, तू जाऊन ये." (कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात, बाहेरच्यांनी गोंधळून जाऊ नये.) तर यावेळची यादी त्या गवतात बसल्यापासून सुरू होते.

पहिली गोष्ट, टेम्पो. हसू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे वीसेक किलोमीटरात चारशे मीटर चढ आणि तो पण बराचसा शेवटाला. रोज चालवणाऱ्याला ते काही वाटत नाही पण नवख्या पोराची निम्मी ताकद आणि सगळा मूड तिथंच संपतो, मग वर पठारावर मुरमाची लाल वाट आली की त्याला तिची काहीच मजा वाटत नाही. म्हणून सायकली छोटा हत्तीत टाकून वर न्यायच्या. टाकताना गिअरची बाजू वर, दोन सायकलींच्या मधे जुनी वाकळ घालायची, आणि चाक काढलं असेल तर डिस्क ब्रेकच्या पॅडमधे पुठ्ठ्याचा तुकडा अडकवायचा, नाहीतर कुणीतरी चुकून लिव्हर दाबतं, पॅड एकमेकांना चिकटतात आणि वर गेल्यावर चाक बसतच नाही.

कधी जायचं तर पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, धुकं असं येतं की पुढचं चाक दिसायचं वांदे. पाऊस सरताना पठार फुलांनी भरतं ते बघायला जरूर जा, पण चालत जा, फुलांतून टायर घालायला नको. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळं ज्या वाटेवर आधीच चाकोरी पडलीय तीच धरायची आणि जायच्या आधी वनखात्याच्या पन्हाळ्यातल्या माणसांना विचारून घ्यायचं, हे माझ्या यादीत फोन करायच्या कामांत सगळ्यात वर आहे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर गवत वाळतं, हवा स्वच्छ, थंडी बेताची. भानगड एकच, तेव्हा उसाचा हंगाम जोरात असतो आणि रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. म्हणून परत येताना गडावरून वाघबीळपर्यंतच सायकल, पुढं रत्नागिरी रस्ता लागला की परत टेम्पो. अंधार पडल्यावर डांबरीवर यायचंच नाही, डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य बुडतोच.

दोन दिवसाचा बेत मी मुद्दाम एवढासाच ठेवलाय की सांगायला लाज वाटावी. शनिवारी सकाळी आठला टेम्पो, वर गेल्यावर पोहे चहा, मग दिवसभर गडावरच फिरायचं, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, पुसाटी बुरूज, जिथं वाटेल तिथं थांबत. गडावरचे रस्ते चढउताराचे आहेत, गिअर कधी बदलायचा ते तिथंच हातात बसतं. जुलै २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे, त्यामुळं शनिवार रविवारी गाड्यांची गर्दी धरूनच चाला, खोली आधी बुक करा आणि सायकल रात्री आत व्हरांड्यात ठेवायला मिळेल का ते बुक करतानाच विचारा, वर जाऊन वाद घालू नका. रविवारी उजाडता उजाडता निघायचं, म्हाळुंगेच्या अंगानं मसाईवर चढायचं, पठारावर दोन तास, आणि नऊ वाजले की जिथं असू तिथून माघारी. मसाईच्या देवळापर्यंत पोचलो नाही तरी माघारी. हा नऊचा नियम भाचीच्या ताब्यात दिलाय, घड्याळ तिच्याकडं, कारण माझ्याकडं असलं की मी "अजून जरासं पुढं" करतो हे ती ओळखून आहे.

अंतराचं गणित डांबरीवरच्या हिशेबानं करू नका. मुरूम, सुटे दगड, बैलगाडीची चाकोरी यावर नवखा माणूस तासाला सहा सात किलोमीटर गेला तरी बास, त्यात फोटो, पाणी, आणि "मामा थांब की".

जायच्या आधी चार रविवार सराव. पहिला रंकाळ्याला, नुसतं ब्रेक आणि गिअर. ब्रेक दोन्ही मिळून, एकेका बोटानं, दाबायचा सोडायचा, दाबायचा सोडायचा. उतारावर घाबरून नुसता पुढचाच आवळला की माणूस हँडलवरून पुढं. चढाच्या आधीच गिअर हलका करायचा, चढात अडकल्यावर जोर लावून बदलला की चेन कडाकड वाजते आणि कधी तुटते पण. दुसऱ्या तिसऱ्या रविवारी कळंब्याच्या पुढं कात्यायनीच्या अंगाला कच्च्या वाटेवर: सीट थोडी खाली, दोन्ही पॅडल एका लेव्हलला, बूड सीटवरून उचललेलं, गुडघे कोपर सैल, नजर चाकासमोरच्या दगडावर नाही तर लांब जिथं जायचंय तिथं. दगडाकडं बघितलं की सायकल दगडावरच जाते, हे मला पण चाळीशीत कळलं. चौथ्या रविवारी पाठीवर खरं सामान घेऊन, म्हणजे काय टोचतंय काय लोंबतंय ते घरीच कळतं.

आता सायकल. भाचीसाठी ओळखीतल्या एकाची एमटीबी, म्हणजे कच्च्या वाटेची रुंद टायरची सायकल, उसनी घेतलीय. साईज बघताना उभं राहून दांडा आणि मांडी यात अंतर हवं, आणि सीटची उंची अशी की टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं की पाय सरळ व्हावा. डिस्कला तेलाचा हात लावायचा नाही, चेनला तेल टाकून जास्तीचं फडक्यानं पुसायचं. हवा मात्र दुकानदाराच्या हाती सोडू नका, ते दगडासारखं टायर करून देतात, मग मुरमावर सायकल नाचत सुटते. रुंद टायरला तिच्या पन्नास किलोला तीसच्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मला पस्तीस, टायरवर छापलेल्या आकड्यांच्या आत राहून. फार कमी केलं तरी वांदे, दगडावर आपटून ट्यूब रिममधे चिमटते आणि सापानं डसल्यासारखी दोन भोकं पडतात.

आणि वॉल्व. वॉल्ववर एक अख्खा पॅरा लिहितो, कारण यानंच मागं माझं नाक कापलंय. मित्राबरोबर पठारावर गेलेलो, त्याच्या सायकलला बाभळीचा काटा घुसला, मी ऐटीत पंप काढला, आणि बघतो तर त्याचा वॉल्व पातळ, माझ्या पंपाचं तोंड जाड, मोटरसायकलच्या वॉल्वचं. उन्हात दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. खाली गावापर्यंत ढकलत आणली तर पंक्चरवाल्याकडं कॉम्प्रेसर, त्याचं तोंड पण जाडच. करंगळीच्या नखाएवढा पितळी कनेक्टर येतो, पातळ वॉल्ववर फिरवून बसवला की जाड पंप चालतो, किंमत किरकोळ, तो आता माझ्या चावीच्या जुडग्यातच लावलाय. भाचीच्या उसन्या सायकलचे वॉल्व पातळ आहेत, माझे जाड, म्हणून ट्यूबा पण दोन प्रकारच्या.

पंक्चर तिनंच काढायला शिकायचं असं ठरवलं. गेल्या आठवड्यात घरच्या जिन्याखाली बसवली, चाक खोलून टायर लिव्हरनं टायर उचकटला, ट्यूब बादलीत धरून बुडबुडे बघितले, पॅच लावला, आणि लगेच ट्यूब आत घालायला निघाली. थांबवली. आतून टायरवर फडकं फिरव म्हटलं, बोट नाही, फडकं. अडकलं एका जागी. काट्याचं टोक आत तसंच, बाहेरून काही दिसत नव्हतं. पक्कडीनं काढून तिनं ते काडेपेटीत ठेवलंय, वर्गात दाखवायला म्हणे.

टूलच्या पिशवीत बाकी काय, तर लिव्हर तीन, पॅच किट, सोल्युशन फोडलेलं नको नवीन, ॲलन की असलेला मल्टीटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), झिप टाय पाच सहा, थोडी चिकटपट्टी पंपाभोवती गुंडाळून. मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर ज्याला अडकवलेला असतो तो फ्रेमवरचा छोटा तुकडा, ज्याच्या त्याच्या सायकलचा वेगळा असतो, मिळाला तर एक ठेवा, सायकल पडली की पहिला तोच वाकतो.

कपड्यांत फार लिहीत नाही, जीन्स नको, पॅडवाली शॉर्ट आत घालून वर ट्रॅक पँट, पहाटेसाठी विंडचीटर, हातमोजे दोघांना, पडताना हातच आधी टेकतो. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळ उघडं टाकून मागं सरकवलेलं नाही. तिला रंग आवडला नाही म्हणून दुकानात परत गेलो, माझ्या मते तो फेरा वाया गेला नाही, न आवडलेलं हेल्मेट पोरं हँडलला लटकवतात. पाळीचं सामान ताईनं वेगळ्या पाऊचमधे भरून दिलंय, मी भाचीला एकदाच सरळ सांगितलं की लागलं तर सांग, थांबू, आणि विषय संपला. पठारावर आडोसा नाही हे पण आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पाणी पठारावर मिळेल असं धरायचंच नाही. माणशी दोन लिटर आणि वर एक लिटर ओआरएस, पाकिटावर एक लिटर लिहिलंय म्हणजे एकच लिटर पाण्यात. खायला भडंग, शेंगदाण्याची चिक्की, केळी, आणि कागदात बांधून गुळाचा खडा. भूक लागायच्या आधी दर पाऊण तासाला तोंडात काहीतरी टाकायचं, कारण या वयातलं पोर भूक लागली असं म्हणत नाही, नुसतं चिडतं. रात्री गडावर झुणका भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही, त्याची तयारी करावी लागत नाही.

औषधात बिटाडीन, गॉज, क्रेप बँडेज. खरचटलं की आधी भरपूर पाण्यानं धुवायचं, मुरूम आत राहिला की चिघळतं. फोनला १०८ आणि ११२ सेव्ह, ताईला निघताना आणि पोचताना लोकेशन, मॅप आधीच डाऊनलोड कारण पठारावर रेंज येते जाते. तिचं आधार कार्ड पण, लॉजवाले मागतात. कुत्री मागं लागली तर पळवायची नाही, उतरायचं आणि सायकल मधे धरून चालायचं. कड्याकपारीला आग्या मोहोळ असतं, तिथं आरडाओरडा नको, आणि बॉडी स्प्रे घरीच राहिला पाहिजे, यावर मात्र मोठं भांडण झालं.

गोष्ट पण यादीत घेतलीय. जुलै १६६० मधे सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निघाले ते याच पठारावरून विशाळगडाकडं, रात्री, धो धो पावसात, पालखीतून. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद. गडाच्या पायथ्याला नेबापूरला त्यांची समाधी आहे, उतरताना थांबायचं. मी हे सांगत होतो तर भाची सायकलचा लाईट चार्जिंगला लावत होती, म्हणाली, "आणि तू मला पहाटे साडेसहाला पण लाईट लाव म्हणतोस." लावायचाच, पुढं पांढरा मागं लाल.

फ्रिजवर यादी तिच्या अक्षरात लागलीय. माझ्या यादीतल्या सात गोष्टी तिनं काट मारून उडवल्यात, त्यातला स्टोव्ह बरोबर उडवला, दुसरी ट्यूब मी परत लिहिली. सगळ्यात खाली लाल पेननं आहे: "मामाला उशीर झाला तर टेम्पो थांबणार नाही." टेम्पोवाल्याला फोन करायचा अजून राहिलाय, तो आज करतो.