शिसे कुठे ठेवायचे? मिठावर पळणारी पहिली गाडी बांधणाऱ्यांसाठी

युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्वतः बांधलेली गाडी पळवायची, असे मित्रांनी मिळून ठरवले की सर्वांत आधी इंजिनाचा शोध सुरू होतो. माझी पहिली विनंती अशी की इंजिन इतक्यात घेऊ नका. आधी तिथल्या स्पर्धा भरवणाऱ्या सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन या संस्थेचे चालू वर्षाचे नियमपुस्तक घ्या आणि ते सगळ्यांनी मिळून, मोठ्याने वाचत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत संपवा. गाडीचा वर्ग इंजिनाच्या क्षमतेवरून, इंधनावरून, इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर किंवा टर्बो आहे की नाही यावरून आणि बॉडीच्या प्रकारावरून ठरतो. प्रत्येक वर्गाचा विक्रम वेगळा असतो. आवडीचे इंजिन घेऊन मग त्याला वर्ग शोधणाऱ्यांची गाठ पुष्कळदा अशा विक्रमाशी पडते, जो गाठायला व्यावसायिक गटांनाही वर्षे लागलेली असतात. वर्ग आधी ठरवा, मग इंजिन आपोआप ठरते.

आम्ही चौघांनी लेकस्टर बांधायची ठरवली. लेकस्टर म्हणजे अंग निमुळते, पण चारही चाके उघडी असलेली गाडी. 1946 च्या सुमारास बिल बर्क याने लढाऊ विमानाच्या पंखाखाली लावायची जादा इंधनाची टाकी घेऊन तिच्यातच गाडी बसवली, तेव्हापासून हा प्रकार घरगुती गटांचा लाडका आहे. इंजिन आम्ही सुझुकी हायाबुसाचे घेतले, कारण ते 1.5 लिटरच्या आतल्या वर्गात बसते, सुटे भाग मिळतात आणि गिअरबॉक्स इंजिनातच असतो. या निर्णयाबद्दल मला आजही समाधान आहे. नवख्या गटाने मोठ्या व्ही-8 इंजिनाच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून पीथमपूरच्या बाहा या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेत उतरलेल्यांना पाइप वाकवणे, टिग वेल्डिंग, तपासनिसांपुढची उभी परीक्षा हे सगळे माहीत असते, म्हणून त्याविषयी मी फार लिहीत नाही. मात्र बाहाची गाडी खड्डे, चिखल आणि उड्या यांच्याशी झगडते. मिठावरची गाडी जवळजवळ पूर्णपणे हवेशी झगडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढते. ताशी 150 मैलांवरून 200 मैलांवर जायचे, म्हणजे साधारण 240 किलोमीटरवरून 320 वर, तर हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ 2.4 पट होते. त्यातच बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे 4,200 फूट उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडेच खाली आहे, आणि ऑगस्टच्या दुपारी उन्हाने हवा आणखी विरळ होते. विरळ हवेत विरोध कमी होतो हे खरे, पण टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही उतरते. त्यामुळे घरच्या डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मिळालेला आकडा तिथे मिळेल असे धरून गिअरिंग ठरवू नका.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. बाकीचे विसरलात तरी चालेल, पण हे नीट वाचा.

मिठावर टायरला डांबरी रस्त्याच्या तुलनेत फार कमी पकड मिळते. ढोबळमानाने निम्मीच समजा. त्यामुळे मागची चाके सतत थोडी घसरत फिरतात. यावर जो तो एकच उपाय सांगतो: मागे वजन टाका. शिशाच्या विटा मागच्या अक्षाच्या मागे बोल्टने आवळा, पकड वाढेल. हा सल्ला आम्हाला अशा माणसाने दिला, ज्याने ड्रॅग स्ट्रिपवर आयुष्य काढले होते, आणि पाव मैलाच्या डांबरी पट्टीवर तो कदाचित बरोबरही असेल. मिठावर मात्र तो घातक आहे.

आकडे मांडून पाहा. समजा गाडीचे वजन 700 किलो आहे, दोन अक्षांत 4 मीटर अंतर आहे आणि वजन दोन्ही अक्षांवर समान आहे; म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या अक्षाच्या 2 मीटर मागे आहे. आता 100 किलो शिसे मागच्या अक्षाच्याही अर्धा मीटर मागे ठेवले. मागच्या चाकांवरचा भार 350 वरून सुमारे 462 किलोवर गेला आणि सगळे खूश झाले. पण त्याच वेळी गुरुत्वमध्य 31 सेंटिमीटर मागे सरकला. गाडीच्या अंगावर बाजूने येणाऱ्या हवेचा जोर ज्या बिंदूवर एकवटतो, त्याला आपण दाबकेंद्र म्हणू. हे दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर गाडी थोडी तिरकी झाली की हवा तिला पुन्हा सरळ करते, बाणाच्या पिसांनी बाण सरळ राहतो तसे. ते पुढे असेल तर हवा गाडीला आणखी तिरकी करते, तिरकेपणाने जोर वाढतो, वाढलेल्या जोराने तिरकेपणा वाढतो, आणि पुढचे सगळे दोन सेकंदांत उरकते.

डांबरी रस्त्यावर ही चूक बऱ्याचदा झाकली जाते, कारण तिथे मागच्या टायरची बाजूची पकड शेपटाला धरून ठेवते. मिठावर मागची चाके घसरत फिरत असतात, आणि फिरत घसरणाऱ्या टायरला बाजूची पकड जवळजवळ उरतच नाही. अशा वेळी गाडीला सरळ ठेवण्याची जबाबदारी हवेवरच येऊन पडते.

इथे दुसरा आणि अधिक फसवा भाग येतो. दाबकेंद्र कुठे आहे हे शोधण्यासाठी गाडीची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापायची आणि ती पट्टीच्या कडेवर तोलायची, ही जुनी युक्ती सगळ्यांना माहीत असते. आम्हीही तीच वापरली आणि उत्तर सुखावणारे आले. पण पुठ्ठा सांगतो ते वारा बरोबर काटकोनात, आडवा आला तर काय होईल याचे उत्तर. ताशी दीडशे मैलांनी पुढे जाणाऱ्या गाडीला वारा कधीच काटकोनात लागत नाही. तो दोन-चार अंशांनी तिरका लागतो. लांब, निमुळत्या, गुळगुळीत अंगावर वारा असा थोडासा तिरका आला की बाजूचा जोर बहुतेक सगळा नाकाकडच्या भागावर पडतो आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या भागाचा काही उपयोग होत नाही. पुठ्ठ्यावर मध्याच्या मागे दिसलेले दाबकेंद्र प्रत्यक्षात पुष्कळ पुढे असते. मागे उभा पंख असेल तर चित्र बदलते, कारण लहान कोनातही पंख चांगला जोर धरतो. पंख नसेल किंवा नावापुरता असेल, तर पुठ्ठ्यावर विश्वास ठेवू नका.

आमची गाडी दुसऱ्या मैलाच्या खुणेपुढे, ताशी 140 मैलांच्या आसपास असताना फिरली. चालवत मीच होतो. हार्नेस, मान धरणारे साधन आणि हात बांधून ठेवणारे पट्टे यांनी त्यांचे काम चोख केले. मला खरचटलेही नाही आणि गाडी चारही चाकांवर उभी राहिली. नंतर आम्ही चालत मागे गेलो आणि मिठावरचे माग पाहिले. आधी पुढच्या आणि मागच्या चाकांचे माग एकमेकांवर होते. मग मागच्या चाकाची रेघ बोटभर बाहेर सुटलेली दिसली, बरेच अंतर तशीच राहिलेली, पुढे वीतभर, आणि त्यानंतर दोन्ही रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. मला शेपूट सुटल्याचे जाणवले ते वीतभर अंतर झाल्यावर. त्याच्या कितीतरी आधी गाडीने सरळ जाणे सोडले होते. चालकाच्या कौशल्याने हा दोष भरून निघत नाही. चालकाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि म्हणून ही गोष्ट गॅरेजमध्येच सुटली पाहिजे.

ती सुटते, हेही तितक्याच खात्रीने सांगतो. वरच्याच उदाहरणात 100 ऐवजी 200 किलो शिसे बरोबर गुरुत्वमध्यापाशी ठेवले, तर मागच्या चाकांवर 450 किलो येतात, म्हणजे पकड जवळपास तेवढीच वाढते, आणि गुरुत्वमध्य जागचा हलत नाही. वजन वाढल्याने गाडी वेग घ्यायला थोडा वेळ घेईल. पण मिठावर धाव घ्यायला मैलभराहून जास्त अंतर मिळते आणि शेवटचा वेग मुख्यतः हवा ठरवते. मिठावर वजन हा शत्रू नाही, चुकीच्या जागी ठेवलेले वजन हा शत्रू आहे. आम्ही शिसे मध्यभागी, तळाच्या नळ्यांना बोल्टने आवळले, शेपटावर उंच पंख लावला आणि त्यानंतर गाडी एका रेषेत जाऊ लागली.

मोजताना पूर्ण सिद्ध गाडी मोजा: चालक सूट-हेल्मेटसह आत बसलेला, इंधन भरलेले, पॅराशूट घडी करून बसवलेले, आणि रेडिएटरऐवजी पाण्याची टाकी असेल तर तीही भरलेली. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवा. संगणकावर हवेचा प्रवाह तपासणार असाल तर शून्य अंशावरची सुंदर रंगीत चित्रे पाहून थांबू नका. तीन, पाच आणि आठ अंश तिरका वारा देऊन पाहा. विरोध किती यापेक्षा वळवणारा जोर कोणत्या दिशेने आहे, हा प्रश्न त्या संगणकाला आधी विचारा. पॅराशूटची दोरीही गुरुत्वमध्याच्या उंचीच्या जवळपासच ओढेल अशी बांधा, नाहीतर पॅराशूट उघडताच एखाद्या अक्षावरचा भार हलका होतो.

चालकाच्या जागेबद्दल एकच सांगतो. ती मोजताना चालकाने हेल्मेट, जाड अग्निरोधक सूट, हातमोजे आणि मान धरणारे साधन घालूनच बसावे, आणि पहिला पाइप वेल्ड होण्यापूर्वी बसावे. तपासणीत चालकाला पट्टे बांधलेल्या स्थितीतून, कुणाच्याही मदतीविना बाहेर पडून दाखवावे लागते. टायरच्या व्हॉल्व्हपासून पट्ट्यांवरच्या तारखेपर्यंत सगळे पाहिले जाते. तपासनिसांनी गाडी परत पाठवली तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्यातले बरेचजण स्वतः धावलेले असतात आणि तुम्ही जिवंत घरी जावे यापलीकडे त्यांचा हेतू नसतो.

मार्गदर्शकाविषयी माझे मत ठाम आहे. ज्याने मिठावर गाडी पळवलेली नाही, त्याचा मिठाविषयीचा सल्ला घेऊ नये, मग तो माणूस इतर शर्यतींत कितीही मोठा असो. त्यापेक्षा एका वर्षी गाडी न नेता स्वयंसेवक म्हणून जा, तपासणीच्या रांगेजवळ उभे राहा आणि नाकारलेल्या गाड्या का नाकारल्या ते ऐका. दुसऱ्याची जुनी गाडी विकत घेऊन वेळ वाचवण्याचा मार्ग अनेकांना मोहात पाडतो. नियम दरवर्षी बदलतात आणि जुन्या केजची, म्हणजे चालकाभोवतीच्या संरक्षक पाइपांच्या सांगाड्याची, दुरुस्ती नवीन केजपेक्षा महाग पडू शकते, म्हणून मी त्या बाजूचा नाही. बर्ट मन्रो यांनी इंडियन या अमेरिकी कंपनीच्या 1920 च्या मोटरसायकलवर 1967 मध्ये ताशी 183 मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला, हे उदाहरण लोक जुगाडाच्या समर्थनार्थ देतात. त्या मोटरसायकलवर त्यांनी चार दशकांहून अधिक काळ काम केले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

मित्रांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. गाडी कुणाच्या मालकीची, पैसे कुणी किती घातले, चालवणार कोण आणि गट सोडणाऱ्याला काय मिळणार, हे कागदावर लिहा. मैत्री टिकवण्यासाठी हे करा. आमच्यातला एकजण मध्येच बाहेर पडला, आणि तो आजही आमच्याकडे जेवायला येतो, याचे कारण तो कागद आहे.

पहिल्याच वर्षी विक्रमाची स्वप्ने बाळगू नका. चालकाचा परवाना पायरीपायरीने वाढतो. ठरलेल्या वेगमर्यादेतल्या धावा नीट झाल्याशिवाय पुढची पायरी मिळत नाही, आणि ही अट मला अतिशय योग्य वाटते. विक्रमासाठी एक धाव पुरत नाही. पहिली धाव चालू विक्रमापेक्षा वेगवान झाली की गाडी बंदिस्त जागेत जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावते आणि दोन्हींची सरासरी धरली जाते. 1960 मध्ये मिकी थॉम्पसन यांनी चार इंजिनांच्या चॅलेंजरमध्ये ताशी 406.60 मैल वेग गाठला, पण परतीची धाव पूर्ण न झाल्याने जागतिक विक्रम त्यांच्या नावे लागला नाही. म्हणून इंजिनाला शेवटच्या थेंबापर्यंत पिळण्याऐवजी ते लागोपाठ दोनदा तसेच चालेल, असे बांधा.

शेवटी हवामान. 2014, 2015 आणि 2022 मध्ये पाणी साचल्यामुळे किंवा मीठ खराब असल्यामुळे बॉनव्हिलचा ऑगस्टमधला स्पर्धा-सप्ताह, म्हणजे स्पीड वीक, रद्द झाला. वर्षभर रजा साठवून आलेल्या गटांचे त्यात फार हाल होतात. कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर मे ते नोव्हेंबरदरम्यान स्पर्धा होतात. तिथला मार्ग सुमारे 1.3 मैलांचा आणि जमीन मातीची असली, तरी नियमपुस्तक तेच आहे. गाडीची पहिली तपासणी आणि परवान्याची पहिली पायरी तिथेच उरकून घ्या, आणि बॉनव्हिलला जाण्याआधी चारही वजनकाट्यांवर गाडी पुन्हा एकदा चढवा, कारण मधल्या काळात गॅरेजमध्ये कुणीतरी काहीतरी मागे बसवलेले असते.