प्रॉक्समॉक्सवर रूटचा पासवर्ड न देता व्हीएमचे अधिकार द्या

प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हीएम (आभासी संगणक) चालवायची प्रणाली. एखाद्याला त्यातल्या फक्त दोन व्हीएम चालू-बंद करायच्या असतात आणि आपण घाईत रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड देऊन मोकळे होतो. मीही असाच एका रात्री दिला, आणि तो सहा महिने तसाच फिरत राहिला. खरं तर काम दहा मिनिटांचं आहे.

१. डेटासेंटर → परमिशन्समध्ये जाऊन एक पूल (व्हीएमचा गट) बनवा. डावीकडे तो निवडून मेंबर्समध्ये त्या दोन व्हीएम टाका.

२. एक ग्रुप बनवा. त्यात नवा युझर घ्या, पण रेल्म (लॉगिन कुठल्या यादीतून तपासायचं ते) 'पॅम', म्हणजे लिनक्सच्या खात्यांचा, नको, 'प्रॉक्समॉक्स व्हीई'चा घ्या. म्हणजे सर्व्हरवर लिनक्सचं खातं लागत नाही आणि एसएसएचने (दुरून थेट सर्व्हरवर) शिरण्याचा प्रश्नच उरत नाही.

३. ग्रुप परमिशन जोडा: पाथमध्ये (अधिकार कुठे लागू ते) तो पूल, रोल (अधिकारांचा संच) 'पीव्हीईव्हीएमयुझर'. यात कन्सोल (व्हीएमचा स्क्रीन) आणि चालू-बंद मिळतं; बॅकअपचा अधिकारही असतो, पण तो घ्यायला स्टोरेजवरचीही परमिशन लागते. मेमरी किंवा डिस्क बदलता येत नाही. तेही हवं असेल तरच 'पीव्हीईव्हीएमॲडमिन'.

४. खाजगी विंडोत त्या युझरने लॉगिन करून बघा. डावीकडे त्या दोनच व्हीएम दिसायला हव्यात.

उद्या तिसरी व्हीएम द्यायची झाली तर ती फक्त पुलात टाकायची, परमिशनला हातही लावायचा नाही.

एक जपा: त्याच पाथवर युझरला वेगळी परमिशन दिली, तर ग्रुपची त्याला लागूच होत नाही, दोन्हींची बेरीज होत नाही. "अचानक सगळं गायब झालं" असा फोन आला की आधी हेच तपासा.